‘तो पैसा माझा होईल का?’
वाचकांचे प्रश्न : कर आणि घर

प्रश्न : ताई, नमस्कार. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजला आमचं विजेच्या सामानाचं दुकान आहे, यजमानांच्या एकट्याच्या नावावर. सगळा खर्च वजा जाता वर्षाचा नफा १४ लाख राहतो. यजमानांच्या एका मित्राने सुचवलं, की बायकोला महिना २५,००० रुपये ‘घरकामाचा पगार’ दाखव, तो दुकानाच्या खर्चात टाक आणि तिचा ‘स्वतःचा व्यवसाय, गृहसेवा’ म्हणून वेगळा रिटर्न भर, कर शून्यावर येतो. घरात सासू-सासरे, दोन मुलं, स्वयंपाकपाणी, आलंगेलं सगळं मीच बघते. दुपारी दोन-अडीच तास दुकानाची बिलं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर चढवते. माझं बी.कॉम. जिवाजी विद्यापीठातलं. असा पगार चालतो का? मला रिटर्न भरावा लागेल का? आणि मनातलं विचारते, कागदावर माझ्या नावाने दाखवलेला तो पैसा माझा होईल का?
– एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले. इतकी वर्षं लष्कर भागातच करसल्लागार म्हणून काम करते आहे. माझ्या टेबलासमोर यजमान बसतात, फाइल त्यांच्या हातात असते, आणि पत्नीची सही घरून आणलेली असते, पेन्सिलीने फुली मारलेल्या जागी. ‘तो पैसा माझा होईल का’ असं विचारणाऱ्या बायका मला हाताच्या बोटांवर मोजता येतील. म्हणून उत्तर सविस्तर लिहिते.

आधी मित्राचा हिशेब मांडू, म्हणजे मोह कुठे आहे ते दिसेल. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या करप्रणालीत १४ लाखांवर कर होतो ९०,००० रुपये आणि त्यावर ४ टक्के उपकर, एकूण ९३,६०० रुपये. तुम्हाला वर्षाचे तीन लाख पगार दाखवला की यजमानांचं उत्पन्न ११ लाखांवर येतं. १२ लाखांपर्यंत करसवलत असल्याने त्यांना कर शून्य. तुमचे तीन लाख चार लाखांच्या आत, तुम्हालाही कर शून्य. म्हणजे ९३,६०० रुपये वाचले. महाराज बाड्याच्या चौकात, चहाच्या टपरीवर हा हिशेब कोणालाही पटेल.

पण यातला ‘घरकामाचा पगार’ हा पायाच कायद्यात उभा राहत नाही. धंद्याच्या उत्पन्नातून तोच खर्च वजा होतो, जो पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी केलेला असतो. घरचा, खासगी खर्च त्यातून स्पष्टपणे वगळला आहे. तुम्ही घर सांभाळता म्हणून यजमान सकाळी नऊला शटर उघडू शकतात, हे मला मान्य आहे आणि तुमच्या यजमानांनाही असणार. तरीही सासऱ्यांचं पथ्यपाणी आणि मुलांचे डबे हा दुकानाचा खर्च होत नाही. दुकानाच्या बहीत त्याची नोंद झाली तर अधिकारी ती खोडणार, आणि मागच्या वर्षांच्या बह्याही उघडायला सांगणार.

याची दुसरी बाजू बायकांना कोणी सांगत नाही. यजमान तुम्हाला जे पैसे देतात, महिना २५,००० देवोत की पन्नास हजार, ते तुमच्या हातात करपात्र उत्पन्न नाहीत. पती हा आयकर कायद्याच्या व्याख्येत ‘नातेवाईक’ आहे, आणि नातेवाइकाकडून मिळालेल्या रकमेवर कर नाही. तिला कमाल मर्यादाही नाही. मग ज्या पैशावर मुळात करच नाही, तो ‘गृहसेवा व्यवसाय’ म्हणून रिटर्नमध्ये कशाला दाखवायचा? व्यवसायाला गिऱ्हाईक लागतं. स्वतःच्या घरात स्वतःच्या नवऱ्यासाठी पोळ्या करणं हा व्यवसाय होत नाही. रिटर्नच्या शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ अशा प्रतिज्ञेखाली सही तुमची असते, मित्राची नसते. खोट्या प्रतिज्ञेला शिक्षा आहे, आणि नोटीस तुमच्या पॅनवर येते.

हे लिहिताना मला बरं वाटत नाही, तेही सांगते. सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ९७. पाच तासांचं हे काम करखात्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्याला रुपयांत मोजलं जातं ते अपघाताच्या भरपाईच्या दाव्यात. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये एका प्रकरणात गृहिणीच्या सेवेचं मोल महिना ३,००० रुपये धरलं होतं, आणि जानेवारी २०२१ च्या निकालात न्यायालयाने गृहिणीच्या कामाला आर्थिक मूल्य आहे हे पुन्हा ठासून सांगितलं. ती बाई गेल्यावर तिच्या घरच्यांना तो आकडा मिळतो. तिच्या हयातीत तिच्या हातात काय पडतं, हे मात्र अजून घराघरावरच सोडलेलं आहे. म्हणूनच तुमच्या प्रश्नाला मी महत्त्व देते.

आता दुपारच्या त्या अडीच तासांकडे येऊ. हे घरकाम नाही, हे दुकानाचं काम आहे, आणि त्याचा पगार यजमान नियमाने देऊ शकतात. पण इथे १९६१ च्या आयकर कायद्याच्या ६४व्या कलमाची अट आडवी येते. पती किंवा पत्नीचं ज्या धंद्यात भरीव हित आहे, त्या धंद्यातून जोडीदाराला मिळालेला पगार, कमिशन, फी हे सगळं धंदेवाल्याच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. आमच्या बोलीत याला क्लबिंग म्हणतात. कंपनीत किंवा भागीदारीत वीस टक्के वाटा असला की भरीव हित झालं. तुमच्याकडे तर अख्खं दुकानच यजमानांचं. म्हणजे एका हाताने खर्च वजा केला आणि दुसऱ्या हाताने तीच रक्कम परत उत्पन्नात आली. मित्राचा हिशेब इथे दुसऱ्यांदा कोसळतो.

या अटीला एक अपवाद आहे, आणि तो तुमच्या कामाचा आहे. जोडीदाराकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि तो पगार निव्वळ त्या ज्ञानातून आणि अनुभवातून मिळालेला असेल, तर क्लबिंग होत नाही. पात्रता म्हणजे पदवीच हवी का, यावर आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८५ च्या एका गाजलेल्या निकालात उदार अर्थ लावला : प्रमाणपत्र नसलं तरी त्या कामाचं खरंखुरं ज्ञान आणि अनुभव पुरेसा ठरू शकतो. तुमच्याकडे तर वाणिज्य शाखेची पदवी आहे आणि काम हिशेबाचं आहे. पदवी आणि काम यांचा असा थेट सांधा जुळला की बाजू मजबूत होते. तुम्ही एम.ए. मराठी असून टॅली करत असता, तर मला जास्त कागद गोळा करावे लागले असते.

पगार किती ठेवायचा? बाहेरच्या मुनीमाला याच अडीच तासांचे तुम्ही जेवढे दिले असते तेवढा. नातेवाइकाला बाजारभावापेक्षा जास्त दिलं तर जादाची रक्कम अधिकारी नामंजूर करू शकतो. समजा महिना ९,००० ठरले. वर्षाचे १,०८,००० झाले. यजमानांचं उत्पन्न १२,९२,००० वर येतं आणि कर ७६,७५२ रुपये. वाचले १६,८४८. मित्राने दाखवलेल्या ९३,६०० पुढे ही रक्कम लहान वाटेल, पण ती खऱ्या कामाची आहे आणि तिच्यासाठी कोणापुढे खोटं बोलावं लागत नाही.

त्यासाठी एक साधं नेमणूकपत्र करा, कामाचं स्वरूप आणि वेळ लिहून. पगार दर महिन्याच्या ठराविक तारखेला दुकानाच्या खात्यातून तुमच्या एकटीच्या खात्यात जाऊ द्या. टॅलीत तुमच्या नावाचं लॉगिन वेगळं ठेवा, म्हणजे रोजच्या नोंदी कोणी केल्या हे आपोआप राहतं. मार्च संपल्यावर बारा महिन्यांच्या नोंदी एकदम लिहिलेल्या मी पाहिल्या आहेत, एकाच शाईने, एकाच दमात. तसं करू नका. ते पहिल्या पानावरच कळतं.

आणखी एक गोष्ट यजमानांना जरूर विचारा. ते कर भरताना रीतसर हिशेबपुस्तकांवर नफा काढतात, की अनुमानित पद्धतीने, म्हणजे उलाढालीच्या ८ टक्के (बँकेतून किंवा ऑनलाइन आलेल्या विक्रीवर ६ टक्के) नफा धरून? अनुमानित पद्धतीत सगळा खर्च त्या टक्क्यांत आधीच धरलेला असतो. तुमचा पगार वेगळा वजा होत नाही. आणि अपवाद मान्य झाला नाही तर तोच पगार क्लबिंगने यजमानांच्या उत्पन्नात वरून चढतो. म्हणजे फायदा राहिला बाजूला, त्याच पैशावर दुसऱ्यांदा कर. अनेक छोट्या दुकानदारांच्या घरी हे झालेलं आहे आणि त्यांना कारणही कळलेलं नसतं.

रिटर्नचं उत्तर छोटं आहे. वर्षाला १,०८,००० पगार आणि थोडंफार व्याज एवढंच असेल तर भरण्याचं बंधन नाही. तरीही मी म्हणेन भरा. पुढे तुम्हाला स्वतःच्या नावावर कर्ज घ्यायचं झालं तर तीन वर्षांचे खरे रिटर्न हाताशी असतील.

आता, तो पैसा तुमचा होईल का?

होईल. पगार तर तुमचाच, पण घरासाठी म्हणून वेगळी, तुमच्या हक्काची म्हणून दिलेली रक्कमही तुमचीच. हिंदू वारसा कायदा, १९५६, त्याचं १४वं कलम सांगतं की हिंदू स्त्रीच्या ताब्यातली संपत्ती, मग ती भेट म्हणून मिळालेली असो की स्वतःच्या कष्टाने मिळवलेली, तिची पूर्ण मालकीची असते. यजमान ती परत मागू शकत नाहीत. अट एवढीच, की पैसा खरोखर तुमच्या ताब्यात हवा. खातं तुमच्या नावाचं आणि एटीएम कार्ड, पासवर्ड यजमानांच्या खिशात, अशी कितीतरी खाती मला माहीत आहेत. उद्या वाद झाला तर अशा खात्यातला पैसा तुमचा हे सिद्ध करायला दमछाक होते.

एक बारीक गाठ लक्षात ठेवा. पतीने दिलेल्या पैशावर कर नाही, पण तो पैसा गुंतवल्यावर मिळणारं व्याज पतीच्या उत्पन्नात धरलं जातं. समजा यजमानांनी महिना दहा हजारप्रमाणे वर्षात १,२०,००० दिले आणि तुम्ही ते ७ टक्क्यांच्या मुदतठेवीत ठेवले. पुढच्या वर्षीचं व्याज ८,४०० रुपये. पॅन तुमचा असला तरी ते यजमानांनी त्यांच्या रिटर्नमध्ये दाखवायचं. तुम्ही ते ८,४०० परत गुंतवले तर त्यावरचे ५८८ रुपये मात्र सर्वस्वी तुमचे, क्लबिंग तिथे थांबतं. दरवर्षी ही व्याजावरच्या व्याजाची रेघ लांबत जाते. ही कटकट नको असेल तर यजमानांनी दिलेले पैसे तुमच्या नावाच्या पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) खात्यात टाका, वर्षाला दीड लाखापर्यंत. तिथलं व्याज करमुक्त असल्याने कोणाच्याही उत्पन्नात धरलं तरी कर लागत नाही. माझ्या ओळखीच्या प्रत्येक गृहिणीला मी हे पहिलं सांगते.

आणि घरखर्चाला मिळालेल्या पैशातून काटकसर करून बाजूला पडलेले पैसे? तेही तुमचेच. नागपूर उच्च न्यायालयाने १९५६ मध्येच म्हटलेलं आहे की पत्नीला तिच्या व घरच्या नेहमीच्या खर्चासाठी मिळणाऱ्या रकमेतून साठलेली बचत तिची स्वतःची, ती पतीने हस्तांतरित केलेली मालमत्ता धरता येत नाही. आपल्या गावचंच एक उदाहरण आहे. नोटाबंदीत ग्वाल्हेरच्या एका गृहिणीने २,११,५०० रुपये बँकेत भरले. अधिकाऱ्याने ते तिचं अघोषित उत्पन्न ठरवलं. ती आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठापर्यंत गेली आणि जून २०२१ मध्ये जिंकली. न्यायाधिकरणाने गृहिणीच्या घरातल्या कामाच्या मोलावर त्या आदेशात आवर्जून लिहिलं आहे. मात्र तो आदेश नोटाबंदीच्या काळात गृहिणींनी भरलेल्या अडीच लाखांपर्यंतच्या रकमेपुरता आहे, सरसकट ढाल म्हणून वापरता येत नाही.

त्या नोव्हेंबरात माझ्या घरी संध्याकाळी बायका यायच्या. कोणाच्या नोटांना हिंगाचा वास, कोणाच्या लुगड्याच्या घडीत ठेवून कडक झालेल्या. बहुतेकींच्या घरी कोणालाच ठाऊक नव्हतं. एकीने मात्र वही आणली होती, दूध, किराणा, इस्त्री, दर महिन्याची शिल्लक, अकरा वर्षांची. तिच्या बाबतीत मला काहीच समजावून सांगावं लागलं नाही. ताई, तुम्ही तर हिशेब शिकलेल्या आहात. दुकानाची बही लिहिता तशी स्वतःचीही एक लिहा.

प्रश्न : मुरारला घरून दिवाळीचा फराळ, पुरणपोळ्या, संक्रांतीला तिळगूळ अशा ऑर्डरी घेते. सुरुवातीला ह्यांनी ५०,००० रुपये दिले होते, त्यात ओव्हन आणि मोठा मिक्सर घेतला. बाकी पैसे माझ्या माहेरच्या भेटीतले आणि नफ्यातून साठलेले. सामान पोचवायला हेच स्कूटरवर जातात. आमचे सी.ए. म्हणतात नफा ह्यांच्या नावावर दाखवू. ते बरोबर आहे का?
– एक वाचक, मुरार

उत्तर : सगळा नफा त्यांच्या नावावर दाखवणं बरोबर नाही. धंदा तुमचा आहे, हात तुमचे आहेत. पगाराच्या क्लबिंगचा नियम इथे लागू नाही, कारण धंदा पतीचा नाही. लागू होतो तो भांडवलाचा नियम. पतीने भेट दिलेलं भांडवल १ एप्रिलला तुमच्या एकूण भांडवलाच्या जेवढा हिस्सा असेल, नफ्याचा तेवढा हिस्सा त्यांच्या उत्पन्नात जातो. १ एप्रिलला तुमचं भांडवल दोन लाख आणि त्यात त्यांचे ५०,०००, म्हणजे पाव. वर्षाचा नफा २,४०,००० झाला तर ६०,००० त्यांचे आणि १,८०,००० तुमचे.

यातून सुटायचा सरळ मार्ग म्हणजे त्यांचे ५०,००० बँकेतून परत करा, मार्च संपायच्या आत. पुढच्या १ एप्रिलला भांडवल सर्वस्वी तुमचं आणि नफाही पूर्ण तुमचा. पुढे मोठी भट्टी घ्यायला त्यांच्याकडून पैसे लागले तर भेट म्हणून घेऊ नका, कर्ज म्हणून घ्या : कागदावर लिहून, रास्त व्याज ठरवून, आणि ते व्याज खरोखर देऊन. कर्जावर हा नियम लागत नाही. यजमानांच्या स्कूटरच्या फेऱ्यांनी धंद्याची मालकी बदलत नाही, त्याची काळजी सोडा.

तुमच्या सी.ए.ना माझा निरोप द्या, की ग्राहकांचे यूपीआयचे पैसे यजमानांच्या खात्यात न घेता तुमच्या खात्यात येऊ द्या. निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

प्रश्न : माझा छोटा दवाखाना आहे. पत्नी कला शाखेची पदवीधर आहे, ती स्वागतकक्षात बसते, फी घेते, नोंदी ठेवते. मी तिला महिना १५,००० रुपये रोख देतो आणि खर्चात टाकतो. मी निम्मं उत्पन्न नफा धरण्याची अनुमानित पद्धत घेतो. काही अडचण?
– एक डॉक्टर वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : डॉक्टर, अडचण तिहेरी आहे. अनुमानित पद्धतीत हा खर्च वेगळा वजा होतच नाही, त्यामुळे ‘खर्चात टाकतो’ याला अर्थ उरत नाही. पुस्तकांवर नफा काढला असता तरी एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० पेक्षा जास्त रोख दिलेला खर्च नामंजूर होतो. आणि जवळजवळ तुमच्यासारखंच एका डॉक्टरांचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं. पत्नी दवाखान्यात स्वागतिका आणि हिशेबनीस, शिक्षण कला शाखेच्या पहिल्या वर्षापर्यंत. न्यायालयाने ती तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता मानली नाही आणि तिचा पगार डॉक्टरांच्याच उत्पन्नात मिळवला गेला. म्हणजे तुमच्याकडे आज वजावटही नाही आणि वर क्लबिंगची टांगती तलवार.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याऐवजी आयकर कायदा, २०२५ लागू आहे. कलमांचे क्रमांक बदलले, क्लबिंगचं तत्त्व तेच आहे, तेव्हा नव्या कायद्यात सुटका शोधू नका.

मी तुमच्या जागी असते तर कागदावर त्याला पगार म्हणणं बंद केलं असतं. पण रक्कम एका रुपयानेही कमी करू नका. तेच १५,००० दर महिन्याला बँकेतून तिच्या एकटीच्या खात्यात जाऊ द्या, आणि त्यातले दीड लाखापर्यंत तिच्या पीपीएफमध्ये. पत्नीला ते तसे हवेत का, हे आधी तिलाच विचारा.